रायबंदरची वाट आणि राजधानीचा प्रवास

एखादा रस्ता कशासाठी बांधला आणि पुढे तो कशाच्या कामी आला, यांचा मेळ क्वचितच बसतो. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा सेतू हे गोव्यातलं त्याचं बोलकं उदाहरण.

त्या काळी राजधानी होती जुनं गोवं. पणजी म्हणजे लहानसं गाव, आणि रायबंदरपर्यंत मधे नुसता चिखल आणि भरतीचं पाणी. ये-जा होडीने. १६३३-३४ साली लिन्यारीशचा काउंट असलेल्या व्हाइसरॉय दों मिगेल द नोरोन्य याने या दलदलीवर जांभ्या दगडाचा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा सेतू उभारला. म्हणूनच त्याचं पोर्तुगीज नाव 'पोंत द लिन्यारीश'. भरतीचं पाणी आत-बाहेर खेळावं म्हणून खाली कमानी ठेवल्या.

शरदातल्या एका दुपारी मी पाटोवरून सायकलने या रस्त्याला लागलो. डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरांचा पट्टा. मीठ पिकायला अजून अवकाश होता. वाफ्यांत पावसाचं पाणी साचलेलं, त्यात बगळे उभे. पाठीवर समुद्राचा वारा, त्यामुळे पाय फारसे मारावे लागत नव्हते. कठड्याशी कोणी गरी टाकून बसलेला, कोणी पायी चाललेला, आणि मागून बसचा भोंगा. एवढ्याशा रुंदीत सगळ्यांची सोय लावायची, तर कोणालातरी वेग आवरावा लागतोच.

सायकलवरून जाताना इतिहासाची दिशा ध्यानात येते. मी जुन्या गोव्याकडे चाललो होतो. राजधानी मात्र उलट आली. साथीच्या रोगांनी शहर पोखरलं. १६९५ साली व्हाइसरॉय शहराबाहेर पणेलीला राहायला गेला, १७५९ साली पणजीच्या आदिलशाही वाड्यात आला आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. वैभवाच्या काळातल्या राजधानीला पणजीशी जोडणारी ही वाट तिच्याच पडत्या काळात नव्या राजधानीचा उंबरठा ठरली.

सेतू बांधला तेव्हा त्यावरचा सर्वांत मोठा वेग घोड्याचा होता. पालखी, बैलगाडी, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण, सारे त्याच अंगणातून जात. आज मोटारींना तो अरुंद वाटतो. पण रुंद करायचा म्हटलं, तर एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं. कशाचा तरी घास घ्यावा लागेल. त्यापेक्षा वेग थोडा कमी केलेला काय वाईट? या वाटेवर पायी चालणाऱ्याचा हक्क मोटारीपेक्षा पावणेतीनशे वर्षांनी तरी जुना आहे.

कधी जमलं तर ओहोटीच्या वेळी तिथे थांबा आणि खाली डोकावून कमानी पाहा. वरून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं की आपण पुलावर आहोत.