अठ्ठ्यांची जोडी

पत्ते कुटणाऱ्या बाईबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बरं बोलत नाही. त्यातून पैसे लावून खेळणारी म्हणजे तर विचारूच नका! तरीही आज बार्बरा एनराइट या अमेरिकन बाईंबद्दल लिहायचंय. त्यांचं पोट कित्येक वर्षं पत्त्यांवरच चाललं.

बाईंचा जन्म १९४९ सालचा, लॉस एंजेलिसचा. पत्ते खेळायला लहानपणीच शिकल्या, मोठ्या भावाबरोबर. पुढे केशरचनेचं काम आणि जोडीला इतर नोकऱ्या. सत्तरच्या दशकात पत्त्यांच्या क्लबात खेळू लागल्या, आणि पगारापेक्षा तिथे जास्त सुटतात हे लक्षात आल्यावर त्यांनी नोकऱ्यांना रामराम ठोकला.

पोकरमधली सगळ्यात मानाची स्पर्धा म्हणजे लास वेगासची 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'. तिथे प्रत्येक प्रकारच्या विजेत्याला ब्रेसलेट मिळतं. १९७७ पासून बायकांसाठी वेगळी स्पर्धा असते. ती बाईंनी १९८६ आणि १९९४ अशी दोनदा जिंकली. पण "बायकांच्यात जिंकली" या कौतुकात एक 'पण' लपलेला असतो, नाही का?

१९९५ साली त्या मुख्य स्पर्धेत उतरल्या. प्रवेश फी दहा हजार डॉलर, खेळाडू २७३. एकेक जण गळत गेला आणि बाई शेवटच्या टेबलावर पोचल्या. त्याआधी तिथवर एकही स्त्री पोचली नव्हती.

या प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पानं असतात आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच. पाच जण उरलेले असताना बाईंकडे आली अठ्ठ्यांची जोडी. त्यांनी जवळचं सगळं लावलं. समोर ब्रेंट कार्टर, हातात चौकटची छक्की आणि तिर्री. आपल्या तीन पत्तीतही कुणी अशा पानांवर चाल करायला धजणार नाही! हा डाव पाचवेळा खेळला तर साधारण चारवेळा अठ्ठ्याच जिंकतील. त्या दिवशी टेबलावर आणखी एक छक्की आणि एक तिर्री आली. बाई पाचव्या.

मला त्यापुढची गोष्ट जास्त आवडते. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, त्यांनी सर्वांसाठी खुली असलेली पॉट-लिमिट होल्डेमची स्पर्धा जिंकली. तीन ब्रेसलेट मिळवणारी ती पहिली स्त्री. २००७ साली पोकरच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं. तो मान १९७९ पासून दिला जातो. बाईमाणसाचा नंबर यायला २८ वर्षं लागली.

आणि ते पाचवं स्थान? मुख्य स्पर्धेच्या शेवटच्या टेबलावर दुसरी स्त्री दिसायला २०२५ साल उजाडलं! स्पेनची लिओ मार्गेट्स, सातवी आली. म्हणजे तीस वर्षांनंतरही बाईंचा विक्रम शाबूत. पण विक्रम इतका टिकला की तो खेळाडूपेक्षा त्या खोलीबद्दल जास्त सांगू लागतो. मुख्य स्पर्धेत आजही शंभरात पाच बायका नसतात.

पानं कशी येतील ते कुणाच्याच हातात नसतं. टेबलाशी खुर्ची मिळणं मात्र नशिबावर सोडायची गोष्ट नाही. बाईंनी ती स्वतः ओढून घेतली होती.