पांढऱ्या दाराची किंमत

घरातील आतल्या दारांना कोणता रंग द्यावा, हा प्रश्न वरकरणी केवळ आवडीनिवडीचा वाटतो. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. भिंतीला चुना चालतो. दाराचे तसे नाही. त्याला दिवसभर हात लागतात, ते आपटते, पुसावे लागते. म्हणून दाराला तेलरंग हवा. आणि युरोपात शतकानुशतके उत्तम पांढरा तेलरंग म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेला शिशाचा सफेदा. शिशाची वेटोळी व्हिनेगरच्या मडक्यांत टांगून ती मडकी लिदीच्या उबेत कित्येक आठवडे पुरून ठेवीत. शिशावर जी पांढरी पुटे चढत, तोच हा सफेदा. लाकडाला तो घट्ट धरी, वर्षानुवर्षे टिके. दोष एकच: तो विषारी होता.

या विषाचा पहिला बळी रंगारी. असह्य पोटशूळ आणि लुळे पडलेले मनगट ही त्याच्या धंद्याची खूणच होऊन बसली होती. पॅरिसमधील एद्म-जाँ लक्लेअर (१८०१–१८७२) हा स्वतः रंगारी, खेड्यातील चांभाराचा मुलगा. आपल्या कामगारांचे हाल त्याला पाहवेनात. १८४०च्या दशकात त्याने शिशाऐवजी जस्ताचा सफेदा वापरात आणण्यासाठी कंबर कसली. १८४२ मध्ये धंद्याच्या नफ्यात कामगारांना वाटा देण्याची प्रथाही त्यानेच सुरू केली. रंगाच्या इतिहासात चित्रकारांचीच नावे घेतली जातात. लक्लेअरचे नाव त्यांच्या बरोबरीने घ्यावे, असे मला वाटते.

मुलांकडे लक्ष गेले ते उशिरा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात लहान मुले शिशाच्या विषबाधेने आजारी पडत. १९०४ मध्ये डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी त्याचे मूळ घराच्या भिंतींवरील व व्हरांड्याच्या कठड्यांवरील रंगात दाखवून दिले. रंगाची भुकटी बोटांना लागे आणि बोटे तोंडात जात.

फ्रान्सने १९०९ मध्ये कायदा केला. १९२१ मध्ये जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने इमारतींच्या आतील रंगकामात शिशाच्या सफेद्याला मनाई करणारा करार संमत केला. रेल्वे स्थानके व कारखाने यांना मात्र सवलत ठेवली! टायटॅनियमचा निर्धोक पांढरा रंग बाजारात येऊनही शिसे हटेना, कारण ते केवळ पांढऱ्यातच नव्हते. पिवळ्या, केशरी, हिरव्या रंगांतही शिशाची संयुगे असत. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले.

म्हणजे त्याआधी रंगविलेल्या दारांवर, आजच्या सुंदर थराखाली, जुने शिसे असू शकते. असे दार पुन्हा रंगविताना ते कोरडे खरडू नये वा जाळू नये. पाणी मारून घासावे आणि काम संपेपर्यंत मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. दाराचे पान चौकटीला घासते तेथे जमणारी भुकटी झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.