तीन नंबरचा बावटा

पावसाळ्याच्या तोंडावर इशारा येतो: सोसाट्याचा वारा सुटेल, मच्छीमारांनी दर्यात जाऊ नये. इंग्रजी पत्रकात त्या जागी ‘स्क्वॉली’ असते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्यासारख्या गावालाही हा इशारा परका नाही. या तालुक्याचे खनिज बार्जेसमधून मांडवीने मुरगावला जायचे. पावसात मांडवीच्या मुखाशी आग्वादकडे दर्या खवळला की बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीला लागत.

‘स्क्वॉली’ हे विशेषण शिडांच्या जहाजांवर रुळले. ब्रिटिश नौदलातले फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५-०६ च्या सुमारास वाऱ्याच्या जोराला अंक लावले आणि हवेच्या नोंदीसाठी अक्षरे ठरवली. पुढे एकेका अक्षराच्या पद्धतीत ‘एस’ बर्फाकडे गेले आणि स्क्वॉलीला मिळाले ‘क्यू’. या वाऱ्याची वेगळी नोंद हवीच होती. हळूहळू वाढणाऱ्या वाऱ्यात शिडे आवरता येतात. स्क्वॉली वारा एकाएकी येतो, खलाशी दोराला हात घालेपर्यंत डोलकाठी मोडलेली असते. हवामानशास्त्राची आजची व्याख्याही त्याच अनुभवाला धरून आहे: वेग अचानक निदान १६ नॉट, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटरने वाढावा, २२ नॉट किंवा त्याहून अधिक व्हावा आणि किमान एक मिनिट टिकावा. त्याहून क्षणिक असेल तो नुसता झोत.

बंदरांना इशारे देण्याची पद्धत आपल्याकडे आली ती कलकत्त्याच्या १८६४ च्या भीषण चक्रीवादळानंतर: १८६५ मध्ये त्या बंदराला इशारे मिळू लागले. १८८० मध्ये पश्चिम किनाऱ्याची पाळी आली: मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ला, कारवार, कुमठा. वेंगुर्ल्यानंतर एकदम कारवार! मधला गोवा पोर्तुगिजांचा. वारा मात्र तेरेखोलच्या नदीपाशी थांबत नव्हता. १ एप्रिल १८९८ पासून सगळ्या बंदरांना एकच पद्धत लागू झाली: दिवसा सुळके आणि नळकांडी, रात्री दिवे. आज या खुणांतली तिसरी खास स्क्वॉली हवेची. वर्तमानपत्रांतला ‘तीन नंबरचा बावटा’ तो हाच.

‘सोसाट्याचा’ म्हटले की जोर कानांना ऐकू येतो, पण एकाएकीपणा निसटतो, आणि होडी उलटते ती त्या एकाएकीपणामुळेच. म्हणून मराठी इशाऱ्यात ‘अचानक सुटणारा’ हे दोन शब्द जोडायलाच हवेत. तोवर वाचकांनी आणि विशेषतः नदीत होडी घालणाऱ्यांनी ते मनातल्या मनात जोडून घ्यावेत. सकाळी पाणी संथ दिसले म्हणून निघू नये.