अर्थशास्त्राच्या वर्गातले बाबासाहेब

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आई अकोला जिल्ह्यात दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची. मजुरी वजनावर मिळे आणि काटा मालकाचा असे. पुढे अमरावतीला बी.ए.च्या वर्गात मी शिकलो की, मजुरी ही मजुराच्या सीमांत उत्पादकतेवरून ठरते. फळ्यावरची ती वक्ररेषा मी वहीत उतरवून घेतली. त्या रेषेत मालकाचा काटा कुठे बसतो, हे विचारण्याचे धाडस झाले नाही. आज तोच पाठ मी शिकवतो, म्हणून हा हिशेब मांडणे भाग आहे.

आपल्या विद्यापीठांत अर्थशास्त्र आले ते इंग्लंडातून: आधी स्मिथ, रिकार्डो, मिल, मग मार्शल, पुढे केन्स. हे नियम सर्व देशांना सारखेच लागू पडतात, या समजुतीला न्या. रानडे यांनी १८९२ साली पुण्यात आव्हान दिले. 'भारतीय अर्थशास्त्रा'चा पंथ त्यातून उभा राहिला. पण जात हा आर्थिक घटक त्याच्याही मांडणीच्या मध्यभागी आला नाही. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' त्याआधीच लिहून झाला होता. तो वर्गाबाहेरच राहिला.

बाबासाहेब तर याच शास्त्राचे पदवीधर. कोलंबियात सेलिग्मन आणि लंडनमध्ये कॅनन हे त्यांचे गुरू. १९१८ च्या लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात त्यांनी दाखवले की, शेत केवढे हा खरा प्रश्न नाही. त्याला भांडवल आणि श्रम यांची जोड किती, हा आहे. शेतीवर पडून असलेल्या रिकाम्या हातांना उद्योगधंद्यांत काम हवे. जादा श्रमिकांबद्दलचा आर्थर लुईस यांचा प्रसिद्ध निबंध त्यानंतर ३६ वर्षांनी, १९५४ साली आला. लुईस आम्ही परीक्षेसाठी पाठ केले. १९१८ चा निबंध कुणी दाखवला नाही.

१९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात त्यांनी, केन्स यांनी पाठराखण केलेल्या सुवर्ण विनिमय परिमाणाला विरोध केला. चलनवाढीला लगाम राहत नाही, भाव चढतात आणि मजुरी मागे पडते, हा त्यांचा मुद्दा. कॅनन यांना शिष्याचे सारे म्हणणे पटले नव्हते. तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली. मतभेद ठेवून वाचणे, यालाच विद्यापीठ म्हणतात.

स्मिथचा टाचणीचा कारखाना आम्ही श्रमविभागणी म्हणून शिकवतो. जातीने माणसांचीच विभागणी केली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितले. ज्याला धंदा बदलण्याची मुभाच नाही, त्याच्यासाठी श्रमाच्या गतिशीलतेचे गृहीतक कोसळते. म्हणजे हा आक्षेप सामाजिक सुधारणेचा तर आहेच, पण सिद्धान्ताच्या पायावरचाही आहे.

महाराष्ट्र शासनाने हे लेखन १९७९ आणि १९८९ च्या खंडांतून छापले आहे. ग्रंथ मिळत नाहीत, ही सबब उरलेली नाही. 'भारतीय विचारवंत' या प्रकरणात पाच गुणांची टीप देऊन बाबासाहेबांना निरोप देणे, हीही एक प्रकारची वेसच आहे. श्रम, चलन, शेती, मजुरी या प्रत्येक पाठात त्यांचा युक्तिवाद यावा. विद्यार्थ्यांनी तो तपासावा, हवा तर खोडावा.

मी मजुरीचा पाठ घेतो तेव्हा रेषा काढून झाल्यावर विचारतो: काटा कुणाच्या हातात आहे? मागच्या बाकांवरून उत्तरे येतात. ती पुस्तकात नसतात.