साल्हेरची माळ आणि घडीची शिडी

साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. नाशिक जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बागलाणात, समुद्रसपाटीपासून १५६७ मीटर उंचीवर तो उभा आहे. जानेवारी १६७१ च्या सुरुवातीला शिवाजी महाराजांच्या फौजेने तो मोगलांकडून घेतला. जदुनाथ सरकार यांनी दिलेली हकिकत अशी : गडाला वेढा पडला होता. शिबंदी बेसावध असल्याचे पाहून मराठे दोराच्या शिड्यांवरून तट चढून गेले. किल्लेदार फत्तुल्लाखान लढताना पडला आणि त्याच्या मेहुण्याने गड स्वाधीन केला.

वर्गात हा प्रसंग सांगताना ‘दोराच्या शिड्या’ हे शब्द आपण भरभर वाचून पुढे जातो. या लेखात आम्ही तिथेच थांबणार आहोत. जुन्या मराठीत दोराच्या शिडीला ‘माळ’ म्हणत. माळ लावून गड घेणे म्हणजे काय, हे नीट समजले तर घडीच्या शिडीचे सारे शास्त्र हाती येते.

आधी साधा हिशेब करू. बारा मीटरचा कडा चढायचा आहे आणि शिडीचे आडवे दांडे तीस-तीस सेंटिमीटरवर आहेत, असे धरू. म्हणजे चाळीस दांडे झाले. बांबूची अशी अखंड शिडी डोंगरातल्या पायवाटेने, झाडीतून, रात्रीच्या अंधारात नेऊन पाहा! तीच शिडी दोराची करा. अडीच सेंटिमीटर जाडीचे आणि तीस सेंटिमीटर लांबीचे चाळीस दांडे एका थरात सहा याप्रमाणे रचले, तर सात थरांत बसतात. दोरासकट गाठोडे होते सुमारे तीस सेंटिमीटर लांब आणि वीस सेंटिमीटर जाड. एक माणूस ते पाठीवर टाकून नेऊ शकतो.

ही किमया कशामुळे साधते? उभ्या शिडीच्या दोन बाजूंच्या बांबूंवर दाब येतो आणि माणूस मध्यावर पोचला की ते वाकू पाहतात. म्हणून ते ताठ आणि जाड हवेत. टांगलेल्या शिडीच्या बाजूंवर मात्र फक्त ताण येतो आणि ताण सोसायला दोर पुरतो. ताठपणा हवा तो केवळ पाय ठेवायच्या दांड्यांना. जिथे ताठपणाची गरज नाही तिथून तो काढून टाकला, की वस्तूची घडी होते. छत्री, खाटेची नवार, गुंडाळायचा नकाशा यांतही हेच तत्त्व दिसते का, ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.

दोराच्या शिडीचा आणखी एक फायदा आहे. उभी शिडी करण्याआधी भिंतीची उंची कळावी लागते. इसवी सनापूर्वी ४२८ च्या हिवाळ्यात ग्रीसमधील प्लाटीया शहर वेढ्यात सापडले होते. तिथल्या लोकांनी शत्रूने बांधलेल्या भिंतीच्या विटांचे थर दुरून मोजले. अनेकांनी पुन्हापुन्हा मोजले, जो आकडा सर्वाधिक वेळा आला तो खरा मानला आणि त्यावरून शिड्या केल्या. २१२ माणसे निसटून अथेन्सला पोचली. थ्युसिडिडीसने लिहिलेली ही हकिकत गणिताच्या तासालाही सांगण्याजोगी आहे. माळ लावताना इतका काटेकोर आकडा लागत नाही. ती पुरेशी लांब असली म्हणजे झाले. उरलेली खाली पडून राहते.

मग अडते कुठे? उभी शिडी जमिनीवर उभी राहते. माळ वरून लोंबते, म्हणजे ती लावायला कोणीतरी आधी वर पोचायला हवे! शिवाय सगळा भार वरच्या गाठीवर येतो. पासष्ट किलोची तीन माणसे एकदम माळेवर असतील, तर गाठीवर जवळपास दोनशे किलोंचा भार पडतो. चढताना बसणारे हिसके वेगळेच.

सिंहगडच्या प्रसंगाचे (४ फेब्रुवारी १६७०) कोडे इथेच उलगडते. पहिला दोर वर कसा गेला, या रास्त प्रश्नाला लोककथेने घोरपडीचे उत्तर दिले. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९० च्या दशकात लिहिलेल्या बखरीत मात्र घोरपड नाही. तिथे दोन निवडक मावळे वानरासारखे कडा चढून जातात, वरून माळ लावतात आणि मग तानाजीसह तीनशे लोक चढतात. म्हणजे सर्वांत कठीण काम दोघांनी केले आणि बाकीच्यांसाठी वाट तयार झाली. आम्हांला हे उत्तर कथेहून अधिक थरारक वाटते.

तरीही वेळेचा प्रश्न उरतोच. दर पंधरा सेकंदांना एक माणूस वर पोचतो असे समजा. एका माळेवरून तीनशे लोकांना पाऊण तास नव्हे, तर सव्वा तास लागेल. तोवर वरच्या मूठभरांना दम धरावा लागतो. नाशिकच्या उत्तरेला असलेल्या रामशेजवर हीच गोष्ट मोगलांना महागात पडली. १६८२ मध्ये सुरू झालेल्या त्या वेढ्यात त्यांनी आधी लाकडाचा प्रचंड दमदमा उभारला. पुढे बहादूरखानाने एका बाजूला हल्ल्याचा गाजावाजा करून दुसऱ्या बाजूने गुपचूप माणसे चढवण्याचा बेत केला. खाफीखान लिहितो, की गडकऱ्यांनी तो ओळखला आणि वर डोकावणाऱ्यांना खाली लोटले. दमदमा हलवता येईना. शेवटी बहादूरखान तो जाळून निघून गेला.

आज खिडकीला अडकवायच्या आपत्कालीन शिड्या मिळतात. त्यांच्यापुढचे प्रश्न साल्हेरचेच आहेत. फक्त दिशा उलटी. माणूस आधीच वर असतो, त्यामुळे आकडा चौकटीला अडकवणे सोपे जाते. शिडी भिंतीला चिकटली तर दांड्यावर पाऊल मावत नाही, म्हणून तिला भिंतीपासून दूर धरणारे ठोकळे लावतात. पण एकामागून एकच माणूस उतरणार, ही मर्यादा कायम राहते. साठ मुलांच्या वर्गाला ती जिन्याची जागा घेऊ शकत नाही. मोकळा जिना आणि आतून सहज उघडणारे दार यांची काळजी आधी घ्यावी, शिडी त्यानंतरची.

वर्गात करून पाहण्यासाठी : सुतळी आणि पेन्सिली घेऊन हातभर लांबीची माळ करा. ती टेबलाच्या कडेला टांगून मधल्या पेन्सिलीला वजन अडकवा. आता वजन फक्त एका टोकाशी सरकवा. माळ कशी पिळवटते? मग ती काट्याला टांगून वरच्या गाठीवरचा भार मोजा. मुलांना खऱ्या माळेवर मात्र चढवू नका. शेवटी एक प्रश्न विचारा : त्या दोन मावळ्यांची नावे सभासदाने का बरे दिली नसतील?