नाक्यावरचा रोज

प्लेगच्या साली भायखळ्याच्या नाक्यावर माणसांचा लिलाव व्हायचा, असं आजी सांगायची. तिनं स्वतः तो काळ पाहिलेला नव्हता. तिला तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या पणजीनं सांगितलेलं. पहाटे भोंगा व्हायच्या आधीच गिरण्यांचे जॉबर, म्हणजे मजूर भरणारे मुकादम, नाक्यावर येऊन उभे राहायचे. एक जॉबर आजचा रोज सांगायचा, दुसरा त्यावर आणा चढवायचा, आणि जो जास्त देईल त्याच्या मागून माणसं चालू लागायची.

लहानपणी मला ही गोष्ट आजीनं रंगवलेली वाटायची. पुढे गिरणगावाचा इतिहास वाचताना कळलं की ती जे घडलं तेच सांगत होती. 1891 च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. फेब्रुवारी 1897 पर्यंत त्यातलं जवळजवळ निम्मं शहर गावी निघून गेलं. एरवी गिरणीत पगार महिन्याचा, तोही काही दिवस मागे अडकवून ठेवलेला, म्हणजे माणूस मध्येच गेला की बुडालाच. प्लेगात मजुरांनी रोजचा रोज हातावर मागितला. साचे रिकामे ठेवण्यापेक्षा तो देणं मालकांना परवडणारं होतं. त्यांच्या संघटनेला हे रुचलं नाही, पण एकमेकांचे मजूर ओढायचं कुणी थांबवेना.

माझे पणजोबा अशाच एका सकाळी जास्त बोलणाऱ्या जॉबरच्या मागून गेले. पणजीनं दारातच अडवलं होतं. त्या गिरणीच्या चाळीत गाठीचा ताप शिरलेला, तिथली दोन बिऱ्हाडं उठलेली. पणजोबांचं उत्तर आजी त्यांच्याच सुरात सांगायची : "गाठ येईल नाहीतर नाही येणार. भूक उद्या सकाळी येणारच आहे."

सावधगिरी बाळगायला सांगणारे नव्हते असं नाही. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीतले रुग्ण तपासून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी साथ ओळखली. 6 ऑक्टोबरला पालिका आयुक्त स्नो यांचा हुकूम निघाला : रुग्णाला घरातून उचलून इस्पितळात हलवायचं, घर धुऊन काढायचं, विरोध झाला तर सक्ती करायची. आर्थर रोडच्या इस्पितळाची दहशत आमच्या घरात आजीच्या काळापर्यंत टिकून होती. तिथं नेलेला माणूस परत येत नाही, हे पणजीच्या चाळीत सगळे धरून चालायचे. लपवून लपवून अगदी शेवटच्या घटकेला नेलेला रुग्ण वाचणार तरी कसा, हे कुणी विचारत नव्हतं. 29 ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले. मग हुकूम सैल झाला.

तो सैल होण्यामागे आणखी एक कारण होतं. शहरातले हलालखोर, म्हणजे मैला आणि कचरा उचलणारे लोक, घाबरून निघून गेले तर मुंबईत राहणंच अशक्य होईल, ही स्नो यांची मोठी धास्ती होती. भायखळ्याच्या गल्ल्यांत पहाटे झाडू मारणाऱ्या माणसांच्या खांद्यावर हे शहर उभं आहे, हे त्या गोऱ्या अधिकाऱ्याला नीट कळलं होतं. माझं दुःख एवढंच, की त्यानं त्यांच्या जाण्याची किंमत मोजली, पण त्यांच्या राहण्याची मोजली नाही. ज्यांनी राहावं असं वाटत होतं, त्यांना राहण्यासाठी चांगली खोली द्यावी, हे तेव्हा कुणी हुकमात लिहिलं नाही.

पुढची सावधगिरी तर व्यापारापायीच आली. 1897 च्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. हिंदुस्थानातून येणारी जहाजं आणि माल अडवला जाण्याचं सावट होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, मार्चमध्ये जनरल गेटेकर यांची प्लेग समिती मुंबईत नेमली गेली. घरं तपासणं, छपराची कौलं काढणं, भिंतीवर खुणा रंगवणं सुरू झालं. म्हणजे बंदर उघडं राहावं म्हणून चाळीची दारं उघडली जात होती. आरोग्य एका पारड्यात आणि धंदा दुसऱ्यात, असं आपण आज सहज म्हणतो. भायखळ्यातल्या माणसानं तेव्हा दोन्ही पारड्यांत स्वतःलाच बसलेलं पाहिलं.

9 मार्च 1898 ला मदनपुऱ्यात या सगळ्याचा स्फोट झाला. तिथल्या विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला पथक आलं, घरच्यांनी दार अडवलं, आणि बघता बघता दंगल पेटली. गोळीबार झाला, माणसं मेली. नंतर गोदीतले मजूर आणि गाडीवाले कामावर गेले नाहीत, आणि ज्या बंदरासाठी एवढा खटाटोप केला तेच ठप्प झालं. पणजी तेव्हा मदनपुऱ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. त्या दिवसाबद्दल ती आजीजवळ फारसं बोलली नाही. पोरांना माळ्यावर बसवलं होतं, एवढंच.

आणि शास्त्र? सरकार गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ओतत होतं. पणजीच्या पिढीला एक साधा नियम ठाऊक होता : उंदीर पडायला लागले की घर सोडायचं. उंदरावरच्या पिसवेतून प्लेग पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं 1898 मध्ये मांडलं आणि 1905 नंतर परळच्या प्रयोगशाळेत ते पक्कं झालं. घर सोडून पळणाऱ्यांना अडाणी म्हटलं गेलं, पण त्यांची सावधगिरी अधिक खरी होती. सोडून जायला ज्यांच्याकडे दुसरी जागा होती, त्यांनाच ती पाळता आली, ही त्यातली मेख. माझी पणजी आगबोटीनं संगमेश्वराकडच्या गावी गेली, तेव्हा गावानंही तिला वेशीबाहेरच्या मांगरात ठेवलं. जेवण केळीच्या पानावर, लांबून सरकवलेलं. त्याचा राग तिनं कधी धरला नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे गावानं तिला बाहेर ठेवलं, पण उपाशी ठेवलं नाही.

भायखळ्यानं एक उपायही जगाला दिला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना टोचलं. न टोचलेल्यांत 12 जण आजारी पडले, त्यांतले 6 गेले. टोचलेल्यांत 2 आजारी पडले आणि दोघेही वाचले. बंदी आणि मोकळीक यांच्यातला झगडा कमी करणारी वस्तू पहिल्यांदा मिळाली ती इथं, आणि तिची परीक्षा दिली ती ज्यांना कुठंच जाता येत नव्हतं अशा माणसांनी. त्यांची नावं कुणी आठवणीत ठेवली नाहीत, याची मला खंत आहे.

1918 च्या मानमोडीबद्दल, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीबद्दल, आजोबा थोडंच बोलायचे. ते तेरा वर्षांचे होते. त्या वेळी कुणी काही बंद केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. 6 ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत 768 माणसं गेली. गिरणीचे भोंगे रोजच्या वेळी होत राहिले.

2020 च्या मार्चमध्ये, 22 तारखेच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली, तेव्हा या गोष्टी आमच्या घरात पुन्हा बोलल्या जाऊ लागल्या. दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, भायखळा स्टेशनच्या पश्चिमेला शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. वहिनी परिचारिका आहे. एप्रिल-मेमध्ये पालिकेचा आमचा ई विभाग रुग्णसंख्येत शहरात पुढे होता. वहिनी पाळीवरून आली की आधी मोरीत शिरायची, मग माजघरातल्या पडद्यामागे एकटी जेवायची. पडद्याच्या अलीकडे दादा दुकानभाड्याचा हिशेब मांडून बसलेला.

मे महिन्याच्या सुरुवातीला पालिकेनं काही दुकानांना परवानगी दिली, दारूच्या दुकानांपुढे रांगा लागल्या आणि दुसऱ्याच दिवशी परवानगी मागे घेतली गेली. त्या रात्री घरात पहिल्यांदा आवाज चढले. दादा म्हणाला, "एक दिवस उघडायचं, एक दिवस मिटायचं, असा धंदा होतो का?" पडद्यामागून वहिनी म्हणाली, "उघडा ना शटर. मग कुणासाठी खाट मिळेल का म्हणून मला फोन करू नका." त्यावर दादाकडे उत्तर नव्हतं. मला विचाराल तर त्या मे महिन्यात वहिनीचंच बरोबर होतं. रुग्ण गाडीत घेऊन लोक एका इस्पितळातून दुसऱ्यात फिरत होते. अशा वेळी गर्दीला वाट करून देणं म्हणजे त्या रांगेत माणसं वाढवणं होतं. पुढे रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीच्या आवारात करोना केंद्र उभं राहिलं. खाटा उभ्या राहण्यापुरता वेळ मिळाला, तो या बंदीनंच मिळवून दिला, हे मान्य केलंच पाहिजे.

पण आईनं त्या रात्री दोघांनाही एकच प्रश्न विचारला : "दिव्याच्या पोराचा रोज दिलास का?"

लोकलनं दिव्याहून येणारा मुलगा दादाकडे मापं घ्यायला आणि माल काढायला होता. वीस वर्षांचा, बाप नाही, मागे दोन बहिणी. दादा त्याला अर्धा पगार पाठवत होता. अर्ध्यात दिव्याच्या खोलीचं भाडंही निघत नव्हतं. आईनं सासूकडून ऐकलेली नाक्याची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, घरात बसायला सांगणाऱ्यानं चुलीचं विचारलं पाहिजे. ती मोठ्या आवाजात बोलली नाही. पण मला वाटतं, या सगळ्या वादात नेमक्या जागी बोट ठेवलं ते तिनंच.

5 जूनपासून 'मिशन बिगिन अगेन'मध्ये दुकानं उघडली. रस्त्याच्या एका बाजूची एक दिवस, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी. कपडे घालून बघायचे नाहीत, बदलून मिळणार नाहीत. जून म्हणजे गणवेशाचा हंगाम, आणि शाळाच बंद. शिवाय 15 जूनला लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. दुकान उघडलं, पण ते चालवणारा पोरगा दिव्यातच अडकला. पुन्हा सुरुवात झाली ती ज्याचं घर दुकानाजवळ त्याची.

1 फेब्रुवारी 2021 ला लोकल सगळ्यांना खुली झाली तेव्हाही वेळा ठरलेल्या : सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार, आणि रात्री नवानंतर. दुकान दहाला उघडतं. तो पोरगा सातच्या आत भायखळ्याला उतरायचा आणि बंद शटरच्या पायरीवर तीन तास बसून राहायचा. रात्री नऊला परतीची गाडी. दिवसाचे सोळा-सतरा तास घराबाहेर. गर्दी वाटून जावी म्हणून ठरवलेल्या त्या वेळा कागदावर बिनचूक होत्या. त्यांचं ओझं त्याच्या झोपेवर पडलं.

एप्रिलमध्ये दुसरी लाट उसळली आणि पुन्हा निर्बंध आले. या वेळी मुख्यमंत्र्यांनी बंदीबरोबरच 5,476 कोटींची मदत जाहीर केली. शिवभोजन थाळी महिनाभर फुकट. नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम मजूर आणि परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी 1,500 रुपये. मला हे पाऊल महत्त्वाचं वाटतं. घरी बसवण्याची किंमत सरकारनं त्याच घोषणेत मांडली, हे 1897 मध्ये कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. पण भायखळ्याच्या भाजी बाजाराबाहेर टोपलीत कोथिंबीर-मिरच्या घेऊन बसणारी बाई कुठल्याच नोंदीत नसते. दुकानात मापं घेणारा पोरगाही नसतो. ज्यांचं काम सगळ्यांत आधी थांबतं त्यांचीच नावं वहीत नाहीत, हा पेच सोडवल्याशिवाय पुढची साथ आली तरी हाच झगडा पुन्हा होईल.

15 ऑगस्टपासून दोन मात्रा घेतलेल्यांना, दुसरीनंतर चौदा दिवस झाल्यावर, लोकलचा पास मिळू लागला. नियम योग्यच होता. पण 18 ते 44 वयोगटाचं लसीकरण राज्यात मेमध्ये तुटवड्यामुळे थांबलं होतं, ते 22 जूनला पुन्हा सुरू झालं. कोविशिल्डच्या दोन मात्रांत किमान बारा आठवडे. म्हणजे जूनच्या अखेरीस टोचून घेतलेल्या तरुणाला सप्टेंबर संपेपर्यंत पास मिळणारच नव्हता. दादाची आणि आईची दुसरी मात्रा कधीच झालेली. काम करणारं वय मात्र रांगेत शेवटी.

तो पोरगा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला. 4 तारखेला आठवी ते बारावीचे वर्ग उघडले होते आणि दीड वर्षात मुलं एवढी वाढली होती की जुना एकही गणवेश कुणाला येत नव्हता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दादानं आधी गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं, वही काढली, आणि मागच्या सोळा महिन्यांच्या उरलेल्या अर्ध्या पगाराचा हप्ता काय ठरवायचा, ते त्याच्याशी बोलून घेतलं.