तांबटाची मोगरी आणि मोटारीचे बॉनेट

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आपल्या परंपरागत धंद्याच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत अशी सूचना केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. तांब्यापितळेच्या भांड्यांचा इतिहास या पानांवर पूर्वी अनेकांनी, आणि आमच्याहून अधिक अधिकाराने, लिहिला आहे. परंतु नवी मुंबईत वाशी येथील आमच्या बैठ्या घराच्या अंगणात गेल्या वर्षी जो एक उद्योग चालला, त्याने या इतिहासाचे एक निराळेच पान आमच्यापुढे उघडले. एका जुन्या फियाट मोटारीच्या बॉनेटला, आतील उष्ण हवा बाहेर पडावी म्हणून, घरच्या घरी झिलमिली पाडण्याचा तो उद्योग होता. तांबटांच्या स्मरणिकेत मोटारीचे काय काम, असे कोणी म्हणेल. त्या वाचकाने थोडा धीर धरावा.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी आपणा सर्वांस ठाऊक आहे. पेशवाईच्या काळात कोकणातून वर आलेल्या आपल्या पूर्वजांनी ती वसविली. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात शहराच्या मोठ्या धंद्यांमध्ये तांब्यापितळेच्या कामाची गणना केलेली आहे. त्या आळीत शिरले की वाटसरूस प्रथम ऐकू येई तो ठोक्यांचा नाद. भांडे घडवून झाले की ते खरवईवर चढवावयाचे आणि हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी मठारावयाचे. या मठारकामाने भांड्यास जी चकाकी व नक्षी येते ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरते. परंतु त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. ठोक्यागणिक धातू कठीण होत जातो, आणि म्हणूनच पातळ पत्र्याचा हंडाही वर्षानुवर्षे पोचत नाही. फार कठीण झाला तर तो तडकतो. तेव्हा त्यास भट्टीत तावून पुन्हा मऊ करावे लागते. केव्हा ठोकावे व केव्हा थांबावे हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते कानाने कळे. ठोक्याचा आवाज बदलला की हात थांबे.

स्टेनलेस स्टीलने हा नाद मंदावला, ही कथा येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. आळीतील पुष्कळ तरुण मुंबईस आले. काही पायधुणीजवळ तांबाकाट्याच्या बाजारात दुकानदारीस लागले, काही गिरण्यांत शिरले. आमचे चुलते १९५९ साली अठराव्या वर्षी मुंबईस आले आणि लालबागेतील एका गॅरेजात ‘डेंटर’ म्हणून राहिले. घरच्या वडील मंडळींस हे मुळीच रुचले नव्हते. देवाच्या पूजेची भांडी घडविणाऱ्या हाताने दुसऱ्याच्या मोटारीचे पोचे काढावेत, यात त्यांस कमीपणा वाटला. तो राग कित्येक वर्षे गेला नाही, व काकांनी त्याविषयी कधी वादही केला नाही.

वस्तुतः मुंबई ही त्या काळी मोटारींची नगरी होती. या शहरात मोटार प्रथम १८९८ साली दिसली. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. तो १९५४ साली बंद झाला. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली तिची वाहने बाहेर पडू लागली. इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन पुढे जी छोटी मोटार तेथे तयार होऊ लागली, तिचे १९६४ सालचे रूप म्हणजे फियाट ११०० डिलाइट. तिलाच १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या वेषात ती मुंबईकराच्या इतकी अंगवळणी पडली की, ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले.

काकांनी १९६७ सालची एक डिलाइट वापरलेली घेतली होती. ती आता आमच्या चिरंजीवांच्या ताब्यात आहे. गाडीचे १०८९ सी.सी.चे इंजिन आजही उत्तम चालते, मात्र उन्हाळ्यात शीव-पनवेल महामार्गावर वाहनांची रांग लागली की तिचा श्वास कोंडतो. जळालेल्या पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो किंवा तेवढाही येत नाही. उरलेली धुराड्यातून व रेडिएटरमधून बाहेर पडते. रेडिएटरची उष्णता बॉनेटखालीच साचली, तर पेट्रोलची नळी व पंप तापून आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. जुने चालक पंपावर ओले फडके गुंडाळीत, ते याचसाठी. चिरंजीवांनी ठरविले की, बॉनेटलाच झिलमिली पाडाव्यात.

येथे थोडे मागे जावे लागेल. मोटारीच्या आरंभकाळी ही वायुद्वारे सर्रास असत. इंग्रजीत त्यास ‘लूव्हर’ म्हणतात. मध्ययुगीन युरोपात घराच्या छपरावर धूर जाण्यासाठी जो आडव्या फळ्यांचा झरोका ठेवीत, त्याचे हे नाव. आपल्याकडे जुन्या घरांच्या खिडक्यांस तिरक्या पट्ट्यांची झिलमिल असे. तत्त्व तेच, हवा जावी व पाऊस येऊ नये. पहिल्या तीन दशकांतील मोटारींचे बॉनेट मध्यावर बिजागरी लावून दोन्ही बाजूंस उघडणारे असे आणि त्याच्या उभ्या अंगांवर या झिलमिलींच्या रांगा कापलेल्या असत. १९२४ साली फ्रान्समधील ल्यों येथील शर्यतीत उतरलेल्या बुगाटी टाइप ३५ चे बॉनेट पाहावे; त्यावरील रांगा एखाद्या देवघराच्या जाळीप्रमाणे शोभतात. पुढे चाकांवरील पंखे आणि बॉनेट यांचे एकच अंग झाले, उभी बाजू नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर झिलमिलीही गेल्या. त्या उरल्या शर्यतीच्या व वेगवान गाड्यांवर.

यातील एक गोष्ट आम्हास विशेष वाटली. १९६१ साली बाजारात आलेल्या जॅग्वार ई-टाइप या ब्रिटिश मोटारीच्या आरंभीच्या नगांवर झिलमिलीच्या पट्ट्या वेगळ्या तयार करून बॉनेटला सांधलेल्या होत्या. पुढे त्या बॉनेटच्या पत्र्यातच दाबून काढू लागले. एवढ्या मोठ्या कारखान्यानेही प्रथम जोडकामच केले, हे वाचून अंगणात हातोडी घेऊन बसलेल्या माणसास जरा धीर येतो.

आमच्या घरातला वाद मात्र वेगळ्याच मुद्द्यावर जुंपला. चिरंजीव मूळ बॉनेटच कापावयास निघाले होते. काकांनी काठी आडवी घातली. “अरे, भांड्याला भोक पाडलंस तर डाक देता येतो. ह्याला कसला डाक देशील? सत्तावन्न वर्षांचा पत्रा आहे तो.” त्यावर चिरंजीव म्हणाले, “पण काका आजोबा, गाडी चालायला हवी ना? नुसती पुसून ठेवायची का?” दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि आम्ही मध्ये गप्प बसलो, हे कबूल केले पाहिजे.

कायद्याने तो वाद अंशतः मिटविला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास मनाई आहे. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने जे नियम केले, त्यांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते, परंतु सांगाडा, अंगाचा पत्रा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. बॉनेट कापणे त्यात बसते की नाही याचा कीस काढीत बसण्यापेक्षा दुसरे बॉनेट मिळविणे बरे, असे ठरले. टॅक्सी मोडीत निघाल्याने ते कुर्ल्याच्या भंगारबाजारात मिळाले. सरावासाठी कळंबोलीच्या पोलाद बाजारातून २० गेजचा, म्हणजे एका मिलीमीटरहून किंचित पातळ, पत्राही आणला.

प्रथम जागा ठरविण्याचा प्रश्न. आमची समजूत अशी होती की, समोरच्या काचेजवळ झिलमिली पाडाव्यात, म्हणजे इंजिनाच्या मागची ऊब सहज निघेल. ती साफ चुकीची ठरली. धावत्या गाडीची हवा काचेवर आपटून तेथे दाब वाढतो. तेथील द्वारातून हवा बाहेर न पडता आत शिरते. दाब कमी असतो तो बॉनेटच्या पुढल्या भागावर, नाकाच्या थोडे मागे. चिरंजीवांनी बॉनेटवर लोकरीचे वीतभर धागे चिकटविले आणि पहाटे पाम बीच मार्गावर गाडी चालविली. आम्ही शेजारून दुसऱ्या वाहनातून पाहत होतो. पुढले धागे पत्र्यास चिकटून मागे ताणले गेले, आणि काचेजवळचे जागच्या जागी वेड्यासारखे घुमत राहिले. तेवढ्यावरून रेघा आखल्या गेल्या.

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कार्यशाळेस नमुन्याच्या पत्र्यावर यंत्राने झिलमिली दाबण्यास सांगितले होते. पत्रा परत आला तो सर्व तोंडे पुढे करून. पाऊस व धूळ आमंत्रण देऊन आत घेण्याची ती सोय होती. मग काकाच खुर्चीवरून उठले.

त्यांनी बाभळीच्या दोन ठोकळ्यांचा साचा करविला. एकात झिलमिलीच्या आकाराची खोबण, दुसरा तिच्यात बसेल असा गोल धारेचा. बॉनेट उपडे करून, आतील आधारपट्ट्या टाळून, प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांस बारीक भोक पाडले, म्हणजे चीर पुढे धावत नाही. त्या भोकांमध्ये पातळ चकतीने सरळ चीर दिली. मग चिरेची पुढची कड खोबणीवर धरून आतून मोगरीने ठोकावयाचे, की ती बाहेर फुगून तिचे तोंड मागे उघडते. चिरंजीवांनी पहिली झिलमिल एका दमात पुरी केली, आणि तिच्या भोवतालचा पत्रा सैल होऊन डब्यासारखा टणटण वाजू लागला. “आवाज ऐकलास? पत्रा रडतोय,” काका म्हणाले. सर्व झिलमिली थोड्याथोड्या, रांगेने तीनचार फेऱ्यांत उचलावयाच्या, म्हणजे ताण वाटला जातो. तांब्याइतके हे लोखंड सोसत नाही, आणि रंगविलेल्या मोठ्या पत्र्यास तावणेही शक्य नसते, कारण तो वाकतो. सैल झालेली जागा त्यांनी लोखंडी ठेपीवर धरून हलक्या हातोडीने मठारली. तो नाद आम्ही तांबट आळीनंतर प्रथमच ऐकला. शेजाऱ्यांनी दुपारी दोन ते चार ठोकठाक बंद ठेवण्याची अट घातली होती, ती पाळली गेली.

एका अंगास सहा, दोन्ही मिळून बारा झिलमिली झाल्या. खाडीच्या खाऱ्या हवेत कापलेली कड आठवड्यात तांबूस होते. म्हणून प्रत्येक कड कानसून तिला त्याच दिवशी जस्ताचा रंग दिला. राहिला पाऊस. चालत्या गाडीवर मागे उघडणारी झिलमिल पाणी झटकते, परंतु उभ्या गाडीत ते सरळ ठिबकते, आणि आषाढात डिस्ट्रिब्यूटर भिजला तर गाडी ढकलण्यावाचून गत्यंतर नसते. बॉनेटखाली प्रत्येक रांगेस पातळ पत्र्याची पन्हळ बसविली, हवेस वाट राहील एवढे अंतर ठेवून, व तिचे तोंड नळीने बाजूस काढले. पन्हळ पहिल्या पावसात एका बाजूने गळली. काकांनी तिला डाक दिला, अगदी घागरीस देतात तसा.

मे महिन्यात तीच गाडी वाशीच्या खाडीपुलावर अर्धा तास अडकली होती. काटा चढला, पण ती बंद पडली नाही. मूळ बॉनेट काकांच्या जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहे. त्यावर खडूने वर्ष लिहिलेले आहे, आणि मोगरी आता चिरंजीवांच्या पेटीत असते.